रामजीच्या साच्यावरचा भिवा

गिरणीच्या साचेखात्यात खिडकीकडच्या दोन साच्यांवर मेलेला रामजी येतो आणि तो फक्त भिवाशी बोलतो, हे लालबागपासून परळपर्यंत पोरासोरांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की रामजी कधी आलाच नव्हता. ते एकट्या भिवाला ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोला, पुतळाबाईला. चार वर्षं या माणसाने ते भूत पाठीवर वागवलं. दिसायचं दुसऱ्यांना, ओझं मात्र याच्या पाठीवर. थकेल नाही तर काय होईल?

भायखळ्याच्या चाळीतून तो पहाटे चालत निघायचा. वाटेत चहावाला विचारणार, "काय म्हणतो रामजी?" गेटवरचा भय्या बजावणार, "आज अमावस है, संभालके हां भिवा." खात्यात शिरला की दोघंतिघं जरा बाजूला सरकून वाट देणार. आधी आधी त्याला याची गंमत वाटली, मग भीती वाटली, आणि आता नुसता कंटाळा आला होता. "काय म्हणणार, बरा आहे," एवढं बोलून तो पुढे जायचा. पुतळाबाई भाकरी थापता थापता त्याला सुनवायची, "बुद्धाला शरण गेलात आणि खाताय भुताच्या जिवावर." तो पुढची भाकरी मागायचा.

हे सगळं झालं कसं, ते कळायला साचा म्हणजे काय ते माहीत पाहिजे. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एकेका साचेवाल्याकडे दोन साचे. धोटा इकडून तिकडे धावतो आणि आडवा धागा टाकतो. धोट्यातली सुताची कांडी संपली की दुसरी भरायची आणि तिच्या धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. आकड्याने काढता येतं, पण त्यात वेळ मोडतो. म्हणून साचेवाले त्या भोकाला तोंड लावायचे. एकदा श्वास आत ओढला की धागा सुळकन जिभेवर. बरोबर कापसाची भुकटी छातीत जायची, ती वेगळी. दिवसपाळीवाला तोंड लावायचा, मग त्याच धोट्याला रातपाळीवाला लावायचा, बदलीवर आलेला तिसराही लावायचा. आणि म्हणूनच भिवाच्या समाजाला साचेखात्यात मज्जाव होता. त्रासनखात्यात सूत काता, झाडू मारा, कांड्यांच्या पाट्या वाहा, साच्याला मात्र हात लावायचा नाही. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडात धरायचा? देशाची घटना झाली होती, अस्पृश्यता मोडीत निघाली होती, पण ते साचेखात्यात कुणी कानावर घेतलं नव्हतं.

भिवा मूळ त्रासनखात्यातला. पुढे साचेखात्यात कांड्या पोचवायच्या कामाला लागला. खिडकीकडचे दोन साचे रामजीचे. रामजी कोकणातला मराठा, लालबागला राहणारा, तोंडाचा फटकळ पण मनाचा बरा. भिवा पाटी खाली ठेवून साच्याकडे टक लावून बघत बसतो, हे त्याने हेरलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत बाकीचे डबे उघडून बसलेले असताना रामजी म्हणाला, "बघतोस काय नुसता? ये, चालव." तेव्हापासून सुट्टीतली दहा-पंधरा मिनिटं भिवा साचा चालवायला शिकला. तुटलेला धागा सांधायला शिकला, कापडात फट कुठे पडते ते ओळखायला शिकला. एकच अट होती. "तोंड लावू नको हां. आकड्याने ओव. माझं काय नाय रे, पण हे बाकीचे फाडून खातील तुला आणि मला." भिवाला याचं वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण शिकवणारा भेटला होता, आणि तेही खूप होतं.

मग छप्पनचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला नाही असं जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, रस्त्यात दगडांचा खच, अश्रुधूर, गोळीबार. रामजी मोर्चात नव्हता. गॅलरीत वाळत घातलेली पोरीची चादर काढायला म्हणून तो बाहेर आला आणि गोळी लागली. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पोरगी तेव्हा सोळा वर्षांची होती. ती दारातच उभी होती.

गिरण्या सुरू झाल्या त्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी भिवा भोंग्याच्या बराच आधी खात्यात आला. कोणी नव्हतं. रामजीच्या साच्याशी जाऊन उभा राहिला. धोटा तसाच पडलेला, आत कांडी भरलेली, टोक आत राहिलेलं. बाजूला आकडा होता. त्याने आकडा घेतला नाही. धोटा उचलला, तोंडाला लावला आणि श्वास ओढला. का, ते त्याला आजही नीट सांगता आलं नसतं. रामजीची आठवण होती, आणि खोटं कशाला बोला, रागही होता. धागा जिभेवर आला. मग डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्याने धोटा ठेवून दिला आणि पाटी उचलली.

त्याच सकाळी त्या साच्यांवर बदली म्हणून गंगाधर आला. आल्या आल्या ओरडला, "कोण आलं होतं इथं? धोटा ओला आहे. कोणी तोंड लावलं?"

भिवा चार पावलांवर पाटी घेऊन उभा. त्याची पाचावर धारण बसली. मागे एकदा दुसऱ्या एका गिरणीत त्याच्या ओळखीच्या एका माणसाला असंच पकडलं होतं, तेव्हा साच्याच्या चामडी पट्ट्याने त्याची पाठ सोलली होती. त्या माणसाच्या पाठीवरचे वळ भिवाने स्वतः पाहिले होते.

"बोल की रे! तू होतास ना इथं?"

"मी आत्ताच आलो," भिवा म्हणाला. आणि मग पुढचं वाक्य त्याच्या तोंडून आपोआप सुटलं. "रामजीदादा असतील. त्यांना सवय होती ना, जाताना एक धोटा भरून ठेवायची."

संपलं. गंगाधरने धोटा असा टाकला की जणू हाताला चटका बसला. नळावर जाऊन तीनदा चुळा भरल्या. म्हणाला, मेलेल्याच्या उष्ट्याला मी तोंड लावणार नाही. दुसरा बदली आला, त्यानेही कानावर हात ठेवले. तिसरा साच्यापाशी आलाच नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खिडकीपाशी रामजीच्या विडीचा वास येऊन गेला होता. पाळी सुटेपर्यंत दोघांनी त्याची टोपी पाहिली होती. काळी टोपी. रामजीने जन्मात काळी टोपी घातली नव्हती, पण ते सांगायला कोणी थांबलं नाही.

चार दिवस ते दोन्ही साचे बंद. खात्याचा जॉबर म्हणजे मुकादम गणपत, त्याचा जीव मेटाकुटीला आला. साचे का बंद म्हणून वरून विचारणा, आणि उत्तर देणार काय? शेवटी त्याने भिवाला हाक मारली. "तुला बरं कळलं रे, रामजी येतो म्हणून? तुझ्याशी बोलतो ना? मग तूच चालव. मला माहीत आहे, सुट्टीत तुला शिकवत होता तो. फक्त तोंड नाही लावायचं, आकड्याने ओवायचं."

भिवाने मान डोलवली. महिनाभर आकड्याने ओवलं, कापड कमी पडायला लागलं. मग तोही तोंड लावायला लागला. सगळ्यांनी पाहिलं आणि रामजीच त्याच्या तोंडाने ओढतो अशी समजूत करून घेतली. ते धोटे नाही तरी रामजीचे होते, त्यांना दुसरं कोणी शिवणारच नव्हतं. रातपाळीला ते दोन साचे झाकून ठेवत. अशा रीतीने आमचा भिवा साचेवाला झाला. ज्या खात्याने जिवंत माणसांच्या सांगण्यावरून त्याला दार उघडलं नसतं, त्याने मेलेल्याच्या भीतीने उघडलं.

आणि लोकांचं काय सांगावं! भूत एकदा मिळालं की माणसं त्याला उपाशी ठेवत नाहीत. जो तो पदरचं काहीतरी घालतो. कोणी म्हणे अमावस्येला साचा आपोआप चालतो. कोणी म्हणे रामजीला उलट्या पायांनी जिना उतरताना पाहिलं. त्यातच चळवळीचे दिवस. मग रामजी चादर काढायला बाहेर आला होता हे मागे पडलं आणि तो छाती उघडी करून गोळीसमोर उभा राहिला होता असं झालं. गिरणीच्या गेटवर एकाने शपथेवर सांगितलं, "मुंबई मिळाल्याशिवाय रामजी साचा सोडायचा नाही." ही गोष्ट सगळ्यांना फार आवडली. आपल्यातला एक माणूस अजून लढतोय, आणि त्याला कोणी अटकही करू शकत नाही. दमून भागून घरी जाणाऱ्या माणसाला असलं काहीतरी लागतं. भिवाला ते कळत होतं, म्हणून तो त्यांच्यावर चिडतही नसे.

त्याला डाचायचं ते वेगळंच. भिवाचा हात विलक्षण होता. सहा महिन्यांत त्याच्या साच्यांचं कापड सगळ्या रांगेत उजवं ठरायला लागलं. फट नाही, डाग नाही. गणपत ताका उलगडून बघायचा आणि म्हणायचा, "रामजीचा हात आहे, दुसरं काय!" भिवा कधी आजारातून उठून आला आणि काम जरा मंद झालं, तर म्हणायचे, रामजी आज रुसलाय. चार वर्षांत एकाही माणसाच्या मनात असं आलं नाही की हे भिवाचं काम असेल. भूत त्यांच्या बुद्धीला पटत होतं, भिवा नव्हता पटत. घरी येऊन तो पुतळाबाईला म्हणायचा, "मेलेला माणूस माझ्या हाताने जेवतोय गं."

या सगळ्यात राधाबाई आल्या. रामजीच्या विधवा. पहिल्याच अमावस्येला पाळी सुटताना गेटबाहेर उभ्या. बरोबर पोरगी, गुणवंती.

"भिवाभाऊ तुम्हीच ना?"

"होय वहिनी."

"दहाव्याला कावळा शिवला नाही हो. बाणगंगेवर दुपारपर्यंत बसलो. काय काय कबूल केलं, पोरीला शिकवीन म्हटलं, दिराशी भांडणार नाही म्हटलं. एक कावळा खाली आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला. तेव्हाच माझ्या मनात आलं, हे अडकलेत कुठंतरी. काय राहिलंय त्यांचं, तेवढं विचाराल?"

भिवाला तिथेच खरं सांगून टाकायचं होतं. पण मागे गंगाधर उभा होता, गणपत उभा होता, पाठीवर वळ उठलेला तो माणूस डोळ्यांसमोर उभा होता. तो म्हणाला, "विचारतो."

तेव्हापासून दर अमावस्येला पाळी सुटली की तो लालबागला जायचा. फार काही रचून सांगायचा नाही. "आज गप्प होते." "आज धागा पटापट येत होता." राधाबाईंना तेवढं पुरायचं. नवरा जिथे आहे तिथून एक माणूस महिन्यातून एकदा येतो, एवढ्यावर त्या तगून होत्या. पहिल्या खेपेला त्यांनी चहाचा कप उंबऱ्यावर ठेवला होता. दुसऱ्या वर्षी उंबऱ्याच्या आत पाट मांडला. तिसऱ्या वर्षी कप हातात दिला आणि शेजारणीने डोळे मोठे केले तेव्हा म्हणाल्या, "ते यांच्याशी बोलतात, मग मी कोण लागून गेले?" भिवाने कप घेतला. त्याला वाटलं, हा मान आपल्याला नाही, आपल्या खोटेपणाला आहे.

मधल्या काळात, छप्पनच्याच शेवटी, सगळ्या चाळीबरोबर भिवाने धम्म घेतला होता. श्राद्ध सोडलं, पिंडदान सोडलं, गंडेदोरे सोडले. हात जोडून प्रतिज्ञा म्हणताना त्याला घाम फुटला होता. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणून अडकलेल्या माणसाचे निरोप जो पोचवतो, त्याने हे म्हणायचं? चाळीत उत्तम नावाचा तरुण मास्तर होता. त्याच्याजवळ भिवाने एकदा मन मोकळं केलं. उत्तम म्हणाला, "काका, उद्याच्या उद्या सांगून टाका. फार तर काय होईल?"

दुसऱ्या दिवशी सुट्टीत भिवाने धीर केला. गणपत आणि गंगाधर तंबाखू मळत बसले होते. त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "ते भूतबीत काय नाय. त्या दिवशी धोट्याला मीच तोंड लावलं होतं. मार पडेल म्हणून खोटं बोललो."

गंगाधर हळूच गणपतला म्हणाला, "बघितलं? दम दिलाय त्याला रामजीने. कुणाला काय सांगू नको म्हणून."

"अरे, खरं सांगतोय!"

"मग सुट्टीत दहा मिनिटं शिकून एवढा हात कुठून आला तुला?" गणपत म्हणाला. "दहा-दहा वर्षं मुरलेले साचेवाले आहेत माझ्याकडे, त्यांना जमत नाही. तू काय आईच्या पोटातून शिकून आलास? जा बाबा जा, काम कर. उगाच त्याला चिडवू नको."

संध्याकाळी साच्याला लिंबू बांधलेलं होतं. भिवा घरी आला. मार वाचला याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. त्यानंतर त्याने खरं सांगायचा नाद सोडला.

साठ साल उजाडलं. मुंबई मिळणार, तारीखही ठरली, एक मे. गिरणगावात आनंदाला नुसतं उधाण आलं. एप्रिलच्या मध्याला एका शनिवारी भिवा गिरणीच्या भिंतीकडेने चालला होता, तेव्हा गुणवंतीने त्याला गाठलं. वीस वर्षांची झाली होती. शिवणक्लास करून चाळीतल्या बायकांची पोलकी शिवायची.

"काका, दोन मिनिटं. दादरचं स्थळ आहे माझ्यासाठी. छापखान्यात आहे तो. माणसं चांगली आहेत. दीड वर्ष थांबलेत."

"मग अडलंय कुठं?"

"आईपाशी. बाप मोकळा झाला नाही, पोरीला बोहल्यावर कशी उभी करू, म्हणते. बाबा गेले असं तुम्ही सांगाल तेव्हाच. ते लोक म्हणतात आता हा वैशाख, जास्तीत जास्त ज्येष्ठ. नाहीतर दुसरीकडे बघणार." ती जवळ सरकली. "बाबा खरंच येतात का, ते मी विचारत नाही. मला नकोच ते. पण आईचा विश्वास फक्त तुमच्या शब्दावर आहे. एक तारखेला या आणि गेले म्हणून सांगा. एवढं करा काका."

भिवा म्हणाला, "बघतो पोरी." आणि चालायला लागला. पुढे त्याला भायखळ्यापर्यंतचा रस्ता कसा संपला ते कळलं नाही. रामजी गेला म्हणजे साचे मोकळे झाले. साचे मोकळे झाले की गंगाधर आहे, आणखी दहा जण आहेत, दोन्ही पाळ्या आहेत. मग भिवा कशाला हवा? पन्नाशीला आलेला माणूस पुन्हा त्रासनखात्याच्या बदलीसाठी गेटवर उभा राहणार. आणि साचा गेला म्हणजे नुसतं काम गेलं असं नव्हतं. हातात जे होतं, जे त्याला देवाने नव्हे, रामजीने आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी शिकवलं होतं, ते जाणार होतं.

त्याने पुतळाबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चार वर्षं मीच टोचत होते, सोडा म्हणून. आता सोडायची वेळ आली तर मलाच थंड चूल दिसतेय."

"गंगाधर म्हणतो, रामजी एवढ्यात हलत नाही. बेळगाव राहिलं, कारवार राहिलं. ते मिळेपर्यंत कशाला जाईल, म्हणतो."

"म्हणजे तुम्हाला वाट आहे."

"आहे. मी हूं म्हटलं की झालं. माझं सगळं आयुष्य निघेल बेळगावच्या नावावर."

पुतळाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "पोरीचं काय निघेल?" तिने विचारलं. भिवा बसल्या जागी आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

एक मे हा रविवार होता. लालबागच्या चाळीत दारोदार रांगोळ्या, तोरणं, कोणी गुढीसुद्धा उभारलेली. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. भिवाला पाहून गॅलरीतल्या बायका एकेक करून राधाबाईंच्या दाराशी जमल्या. गुणवंती दाराच्या आड. राधाबाई पाटावर बसलेल्या, हात जोडलेले.

भिवा घरून निघताना ठरवून आला होता, सगळं खरं सांगायचं. "वहिनी," तो म्हणाला, "मला एक खरं सांगायचंय." आणि त्याला गणपतचा चेहरा आठवला, ते लिंबू आठवलं. खरं सांगितलं तर यांनाही पटणार नाही. मग रामजी तिथेच राहील आणि ही पोरगी इथे. खऱ्याचा इथे कोणालाच उपयोग नव्हता.

"गेले," तो म्हणाला.

राधाबाई पाटावरून पुढे झुकल्या. "कधी?"

"काल. पाळी सुटताना."

"काही बोलले?"

भिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र खरं होतं. "कांडी भरली तर धागा आलाच नाही. मला म्हणाले, तूच ओढ आता, तुला येतंय." पुढे तो म्हणाला, "आणि म्हणाले, गुणाचं उरकून घ्या."

राधाबाई हमसून हमसून रडल्या. चार वर्षांचं रडणं होतं ते. मग उठल्या आणि सगळ्या बायकांच्या देखत भिवाच्या पायांवर वाकल्या. तो मागे सरकला, भिंतीला टेकला, "नको वहिनी, नको," म्हणत राहिला. शेजारणीने तिथल्या तिथे आपल्या मुलाला दादरला निरोप घेऊन पिटाळलं. गुणवंतीने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. भिवा चहा न घेता निघाला.

सोमवारी तो खात्यात पोचला, तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. साच्यांवरचं लिंबू काढून टाकलेलं. गणपतने नारळ आणला होता. खिडकीशी वीसेक माणसं जमलेली, कोणी टोपी काढून नमस्कार करत होतं. नारळ फुटला, कुंकू लागलं, "रामजी सुटला रे बाबा," म्हणून एकाने डोळे पुसले. गणपत खुशीत होता. दोन्ही पाळ्या सुरू होणार, दिवसाला गंगाधर, रातीला दुसरा. भिवाला म्हणाला, "तुझं मात्र नशीब थोर हां. शेवटचं बोलणं तुझ्याशी झालं."

गंगाधर पुढे झाला, साच्यावरचा धोटा उचलला. तोंडापर्यंत नेला आणि थांबला.

"गणपतराव, एक विचारू?"

"काय?"

"रामजी गेला शनिवारी. मग हा धोटा ओला कुणाच्या तोंडचा आहे?"

शनिवारी पाळी संपताना भिवाने भरलेली कांडी होती ती, आज नारळाच्या गडबडीत कोणाचं लक्ष नसताना त्याने तिचा धागा ओढून ठेवला होता. सवयीने. सगळी माणसं त्याच्याकडे वळली. चार वर्षं ज्याच्याकडे बघताना त्यांना रामजी दिसायचा, तो आता नुसता भिवा उभा होता.

भिवा फार दमला होता. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"माझ्या तोंडचा," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माझ्याच तोंडचा. रामजी कधी आला नाही. धागाही मीच ओढला, कापडही मीच काढलं."

या खेपेला कोणी त्याला खोटं पाडलं नाही, कोणी रामजीचं नाव काढलं नाही. एका क्षणात सगळ्यांना पटलं. गंगाधरने धोटा खाली टाकला आणि नळाकडे धावला. बाकीचे चार हात मागे सरले.

"कापडाचं राहू दे," गणपत म्हणाला. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि स्टोअरला चिठ्ठी लिहिली, खिडकीकडच्या दोन साच्यांना चार नवे धोटे द्या म्हणून. मग भिवाकडे न बघता म्हणाला, "जुने तू घेऊन जा. त्यांना आता कोण हात लावणार?"